टेप लावण्याआधी थांबा: आयरिश गाण्यांची घरगुती रेकॉर्डिंग डिजिटल करण्याचा क्रम

डब्लिनला आल्यापासून मी जुन्या टेपांवर काम करतो. इथल्या मराठी मंडळींपैकी काही जण गाण्याच्या बैठकांना नियमित जातात. शेजारचे एखादे आजोबा त्यांच्या हातात खोका ठेवतात, "माझ्या मावशीचं गाणं आहे, कम्प्युटरवर घेऊन दे" म्हणतात, आणि मग मला फोन येतो. तोवर बहुतेक वेळा टेप एकदा वाजवून झालेली असते, कोणाच्या तरी गॅरेजमधल्या यंत्रावर, नुसतं "आहे का काही" बघायला. कधी फीत तुटलेली असते, कधी ताणलेली, कधी पहिली दोन मिनिटं चुरगळलेली.

चूक बहुतेकदा क्रमाची असते. पन्नास-साठ वर्षं न वाजलेली फीत तुम्ही पहिल्यांदा वाजवता, तेव्हा कदाचित ती शेवटचीच चांगली वाजत असते. त्यामुळे ते पहिलं वाजणं म्हणजेच रेकॉर्डिंग असलं पाहिजे. त्याआधीची सगळी कामं, चौथ्या-पाचव्या टप्प्यातली थोडीशी जुळवणी सोडली तर, टेप न वाजवता करायची, आणि त्यानंतरची सगळी कामं फाइलच्या प्रतीवर करायची. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. ते मागे-पुढे करू नका.

१. खोका वाचा

टेप बाहेर काढण्याआधी खोक्याचे सहाही बाजूंनी फोटो घ्या. मग झाकण उघडून आतल्या चिठ्ठ्या, स्पूलच्या (फीत गुंडाळलेल्या चकतीच्या) दोन्ही बाजू आणि लेबलं यांचे फोटो. पेन्सिलीने खोक्यावर आणि स्पूलवर एकच क्रमांक लिहा, म्हणजे दोघांची ताटातूट होणार नाही.

खोडलेलं नावसुद्धा वाचायचं असतं. खोक्यावर दुकानाची किमतीची चिकटपट्टी असेल तर ती नीट पाहा. शिलिंग-पेन्समध्ये किंमत असेल तर खोका १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधी विकला गेला, कारण त्या दिवशी आयर्लंड आणि ब्रिटन दोन्हीकडे दशमान चलन आलं. याने खोक्याचा काळ कळतो, टेपचा नाही. घरात खोके सर्रास बदलले जायचे.

मग घरच्यांशी बोला, आणि हे बोलणं टेप ऐकण्याआधीच करा. एकदा टेप ऐकली की आठवणी टेपप्रमाणे बदलतात. विचारायचं ते असं: यंत्र कोणाचं होतं? रेकॉर्डिंग कोणत्या घरात झालं, आणि त्या घरात तेव्हा वीज होती का? खोलीत आणखी कोण होतं? गाणाऱ्याला टेप चालू असल्याचं माहीत होतं का? विजेचा प्रश्न विचित्र वाटेल, पण सहाव्या टप्प्यात त्याच्यावाचून अडेल.

*तपासा: ही मूळ टेप आहे की नक्कल?* आयरिश लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाच्या काळात टेपांच्या नकला हातोहात फिरत. आर्मा परगण्यातल्या कीडी गावच्या लोकगायिका सारा मेकम यांचंच उदाहरण घ्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या संग्राहकांनी त्यांना रेकॉर्ड केलं. १९५५ मध्ये अमेरिकेहून लोकगीत-संग्राहक डायन हॅमिल्टन त्यांच्या घरी गेल्या, बरोबर पुढे गायक म्हणून गाजलेला तरुण लियम क्लॅन्सी होता. तेव्हा खोक्यावर "सारा मेकम, कीडी" लिहिलेलं दिसलं, तर ते त्या घरात कोणी नातेवाइकाने केलेलं रेकॉर्डिंग असेल, यापैकी एखाद्याची नक्कल असेल, किंवा रेडिओवरून उतरवलेलं असेल. रेडिओचा निवेदक ऐकू आला तर प्रश्नच मिटला. नसेल तर गाण्यांच्या मधल्या जागा ऐका. मूळ टेपमध्ये खोली सलग चालू असते, म्हणजे खुर्ची, कप, कोणाचं तरी खोकणं. नकलेत प्रत्येक गाणं "टक" होऊन सुरू होतं आणि तसंच तुटतं. हे ऐकणं मात्र पाचव्या टप्प्यानंतर. आत्ता फक्त प्रश्न लिहून ठेवा.

२. फीत कशाची आहे ते ओळखा

स्पूल दिव्यासमोर आडवी धरा. गुंडाळलेल्या फितीतून उजेड आरपार दिसला तर ती अॅसिटेट. नाही दिसला तर बहुधा पॉलिएस्टर किंवा पीव्हीसी. मग वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर अॅसिटेट कुजू लागलंय. ती स्पूल इतर टेपांपासून वेगळी ठेवा आणि तिचं काम आधी करा.

अॅसिटेट तुटते तेव्हा सरळ तुटते, त्यामुळे नीट जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणते, आणि ताणलेल्या ठिकाणचा आवाज परत मिळत नाही. पातळ फितींना जास्त जपावं लागतं. साध्या टेपची जाडी सुमारे ५० मायक्रॉन असते, लाँग प्लेची ३५, डबल प्लेची २५. काटकसर म्हणून घरांत पातळ फितीच जास्त वापरल्या जायच्या.

जुने जोड तपासा. साध्या सेलोटेपने जोडलेली फीत असेल, तर त्या डिंकाने शेजारचे वेढे चिकटलेले असतात. ते ओढून सुटे करू नका. जोड आला की थांबा, हाताने अलगद सोडवा, डिंक पुसा आणि खास जोडपट्टीने नव्याने जोडा. हे जोड कुठे आहेत ते कागदावर लिहा.

सावधान: इंटरनेटवर "चिकट टेप ओव्हनमध्ये भाजा" असा सल्ला दिसतो. तो १९७० नंतरच्या, पाठीवर काळा थर असलेल्या विशिष्ट पॉलिएस्टर फितींसाठी आहे आणि त्याला तापमान नेमकं राखणारं उपकरण लागतं. अॅसिटेट अशी तापवली तर ती कायमची गेली. घरच्या ओव्हनमध्ये कुठलीच टेप ठेवू नका. फीत हेडला (यंत्राचा फितीवरचा आवाज वाचणारा भाग) चिकटत असेल, चिरचिरत असेल, तर तिथेच थांबा आणि प्रयोगशाळेला द्या.

कॅसेट असेल तर पहिलं काम म्हणजे वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे खिळे मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होणार नाही. मग आतली दाबपट्टी, म्हणजे तो छोटा फेल्टचा तुकडा, जागेवर आहे का पाहा. तो गळलेला असेल तर कॅसेट वाजवू नका, फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घाला.

३. यंत्र तयार करा, टेप नाही

आजोबांच्या घरात ज्या ग्रुंडिगवर किंवा फिलिप्सवर रेकॉर्डिंग झालं, त्याच यंत्रावर ते वाजवावं असं सगळ्यांना वाटतं. भावना मी समजू शकतो, पण नको. त्याचे रबरी पट्टे मऊ पडलेले असतात, ब्रेक घट्ट झालेले असतात, आणि फीत तुटते ती नेमकी ब्रेक लागताना. नीट दुरुस्त केलेलं नंतरच्या काळातलं चांगलं यंत्र वापरा. जुनं यंत्र जपून ठेवा आणि त्याच्या मॉडेलची नोंद करा, ती उपयोगी पडते.

हेड आणि धातूचे मार्गदर्शक खांब आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डीमॅग्नेटायझर (हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढणारं उपकरण) फिरवताना यंत्र बंद ठेवा आणि सगळ्या टेपा दुसऱ्या खोलीत. मग एखादी टाकाऊ टेप पूर्ण वाजवा, थांबवा, उलट गुंडाळा. तिच्या कडा मुडपल्या किंवा कुठे वेटोळं पडलं, तर हे यंत्र खऱ्या टेपसाठी तयार नाही.

*तपासा:* टाकाऊ टेपचं पंधरा-वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कम्प्युटरवर करून पाहा. मध्ये कुठे आवाज तुटत नाही ना, कम्प्युटर झोपी जात नाही ना, डिस्कवर जागा आहे ना, हे आत्ताच कळायला हवं.

४. ट्रॅक आणि वेग ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "टेपवर कोणीतरी उलटं बोलतंय, खराब झालीय" असं म्हणून टाकून दिलेली टेप मी स्वतः कचऱ्याच्या पिशवीतून काढली आहे. तिला काहीच झालेलं नव्हतं.

पाव इंच रुंद फितीवर घरगुती यंत्रं दोन किंवा चार ओळींत (ट्रॅकमध्ये) रेकॉर्ड करायची. दोन ओळींच्या यंत्रात वरच्या अर्ध्या भागावर एक बाजू भरायची, मग स्पूल उलटी लावून खालच्या अर्ध्यावर दुसरी. चार ओळींच्या यंत्रात पहिली आणि तिसरी ओळ एका दिशेने, दुसरी आणि चौथी उलट दिशेने. तुमच्या यंत्राचं हेड यांपैकी कशासाठी आहे ते आधी माहीत करून घ्या. मग टेपच्या मधल्या भागातली अर्धा मिनिट वाजवा (हे तपासतानाही कम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालूच ठेवा) आणि हेडफोन लावून ऐका.

डाव्या कानात गाणं सुलट आणि उजव्या कानात काहीतरी उलट येत असेल, तर ती दोन ओळींची मोनो टेप आहे. एकाच फेरीत दोन्ही बाजू घ्या, नंतर उजवी बाजू सॉफ्टवेअरमध्ये उलटवा. फीत एकदा कमी वाजते, हा मोठा फायदा.

डाव्या कानात एक गाणं, उजव्या कानात दुसरं, आणि दोन्ही सुलट, तर ती चार ओळींची मोनो टेप. दोन्ही वाहिन्या वेगळ्या फाइली समजा. कोणी तिला स्टिरिओ समजून दोन्ही एकत्र करून ठेवली, तर दोन माणसं एकमेकांवर गाताना ऐकू येतील.

एकाच कानात गाणं आणि त्याच्या मागे पुसट उलट आवाज असेल, तर तुमचं हेड टेपपेक्षा रुंद आहे. चार ओळींची टेप दोन ओळींच्या यंत्रावर लागली आहे. यंत्र बदला. हा दोष सॉफ्टवेअरने निघत नाही.

वेगाचं म्हणाल तर घरगुती टेपा साधारण सेकंदाला ७½, ३¾ किंवा १⅞ इंच या वेगाच्या असतात. चुकीचा वेग लगेच कळतो, कारण आवाज दुप्पट चढलेला किंवा निम्म्याने उतरलेला असतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: फीत संपत आली की माणसं वेग कमी करायची, म्हणजे आणखी दोन गाणी मावतील. त्यामुळे सुरुवातीला वेग बरोबर होता म्हणून शेवटपर्यंत बरोबर असेलच असं नाही. सात इंची स्पूलवर लाँग प्ले फीत १८०० फूट असते. ३¾ च्या वेगाने एका बाजूला ९६ मिनिटं होतात. एवढा वेळ समोर बसायची तयारी ठेवा.

५. पहिलं वाजणं

हेडचा कोन प्रत्येक टेपसाठी नव्याने जुळवा. यंत्रावर हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. दोन ओळींच्या टेपवर फक्त डावी वाहिनी ऐका आणि स्क्रू अगदी किंचित फिरवत गाणाऱ्याच्या "स" आणि "ट" कडे, श्वासाकडे लक्ष द्या. ही अक्षरं जिथे सर्वांत स्पष्ट होतात, तो बरोबर कोन. साथीशिवाय गाणाऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो, तो नंतरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. कोन चुकला की शब्द गिळल्यासारखे वाटतात, आणि आयरिश भाषेतल्या गाण्यात शब्दच कळेनासे झाले तर मग काय उरलं?

फाइल वॅव्ह प्रकारची, २४ बिट. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झची आहे, संग्रहालयं साधारण ९६ वापरतात. ९६ ला स्टिरिओची तासाभराची फाइल सुमारे २ जीबी होते. आजच्या काळात ही जागा फार नाही. एमपी थ्रीमध्ये थेट रेकॉर्ड करू नका, कधीही.

आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या ठिकाणी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. गाणं हळू असतं म्हणून लोक पातळी वाढवून ठेवतात, आणि गाणं संपताच खोलीभर टाळ्या आणि आरोळ्या उठतात तेव्हा आवाज फाटतो.

आता टेप लावा, आधी रेकॉर्डिंग सुरू करा, मग प्ले दाबा, आणि शेवटचा तुकडा निघून स्पूल रिकामी फिरेपर्यंत हात लावू नका. मध्ये बराच वेळ शांतता असली तरी थांबवू नका. बऱ्याचदा दहा मिनिटं काही नसतं आणि मग कोणीतरी परत बटण दाबलेलं असतं.

सावधान: सरकन पुढे-मागे पळवू नका. झाल्यावर उलट गुंडाळूही नका. फीत शेवट बाहेर अशीच राहू द्या. एकसारख्या वेगाने वाजून गुंडाळलेली फीत जास्त टिकते.

या टप्प्यावर खरखर काढणं, आवाज उजळवणं, शांत जागा कापणं यातलं काही करायचं नाही. ही मूळ फाइल. तिला पुन्हा हात नाही.

६. पट्टी तपासा

आपल्याकडे तंबोरा असतो, पेटी असते, त्यामुळे जुनं रेकॉर्डिंग वेगात वाजतंय हे लवकर कळतं. आयरिश लोकगायक, विशेषतः शॅन-नोस या जुन्या पारंपरिक पद्धतीने गाणारा, साथीशिवाय गातो. सुराला दुसरा आधारच नसतो. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राची मोटर थोडी मंद चालली असेल, तर आज ते गाणं चढ्या पट्टीत आणि घाईघाईत ऐकू येतं, आणि पन्नाशीची बाई पंचविशीची वाटते.

यावर उपाय टेपमध्येच असतो. घरातल्या विजेवर (मेन्सवर) चालणाऱ्या यंत्राने विजेची घुमघुम पकडलेली असते. आयर्लंडमध्ये वीज ५० हर्ट्झची. (आपल्याकडेही ५०, त्यामुळे घरातल्या खाजगी मैफलींच्या स्पूललाही हीच युक्ती चालते.) दोन गाण्यांमधली शांत जागा निवडा, ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा वर्णपट (कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती, याचा आलेख) काढा. ५० च्या जवळ एक टोक दिसेल, आणि तिच्या पटींत, म्हणजे १००, १५० ला आणखी टोकं. वरच्या पटी पाहा, तिथे फरक मोठा दिसतो. १५० च्या जागी १५६ दिसलं, तर टेप चार टक्के जलद वाजते आहे. चार टक्के म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांच्यातल्या अंतराचा सुमारे दोन-तृतीयांश. ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण आवाजाचा पोत बदललेला असतो.

आता यातले तीन खड्डे.

तुमच्या स्वतःच्या यंत्राची घुमघुमही त्यात मिसळते, आणि ती तंतोतंत ५० ला असते. म्हणून टेप थांबवून, फक्त यंत्र चालू ठेवून एक मिनिट वेगळं रेकॉर्ड करा. तिथे दिसणारी टोकं यंत्राची, बाकीची टेपची. दोन टोकं शेजारी शेजारी दिसली, उदाहरणार्थ ५० आणि ५२, तर हलणारं ते टेपचं.

दुसरा खड्डा विजेचा. ग्रामीण आयर्लंडचं विद्युतीकरण १९४६ मध्ये सुरू झालं आणि पश्चिमेकडच्या अनेक घरांत वीज यायला पुढची कित्येक वर्षं लागली. अशा घरात यंत्र गाडीच्या बॅटरीवर आणि कन्व्हर्टरवर चालवलं असेल, तर घुमघुम ५० ची असेलच असं नाही. बॅटरीवरच्या छोट्या यंत्रात ती सापडतच नाही. पहिल्या टप्प्यात विचारलेला प्रश्न इथे कामाला येतो. आणि ६० हर्ट्झ नेमके दिसत असतील तर वेग सुधारण्याआधी विचार करा: ती टेप न्यू यॉर्कच्या किंवा बॉस्टनच्या एखाद्या आयरिश घरात झालेली असू शकते. अमेरिकेत वीज ६० ची.

तिसरा खड्डा वाद्याचा. "मध्ये इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) वाजल्यात, त्यांच्या सुरावर टेप जुळवली" असं एकाने मला अभिमानाने सांगितलं होतं. पण इलन पाइप्स एकाच पट्टीच्या नसतात. डी च्या असतात तशा सी च्या, बी च्याही असतात. खाली लावलेल्या पाइप्स त्याने सॉफ्टवेअरमध्ये वर ओढल्या होत्या आणि गायिकेला त्यांच्याबरोबर. वाद्यावरून वेग ठरवू नका, फक्त घुमघुमीशी ताळा जमतो का ते पाहा.

वेग सुधारायचा तो प्रतीवर, आणि किती टक्के बदलला आणि कशाच्या आधारावर, हे लिहून. आधार सापडला नाही तर बदलू नका.

७. गाणी वेगळी करा, पण खोली ठेवा

सलग फाइल जशीच्या तशी राहू द्या. ऐकायला सोपं जावं म्हणून तिच्या प्रतीतून गाणी वेगळी काढायची असतील, तर कुठे कापायचं हे आधी शिकावं लागतं.

माझ्या हातून पहिल्याच वर्षी झालेली चूक सांगतो. एका म्हाताऱ्या गायकाची अकरा गाणी मी वेगळी केली. स्वर थांबला की कापायचं, असा माझा नियम. फाइली घरच्यांना दिल्या, आणि त्यांच्या मुलीने फोन करून विचारलं, "बाबा शेवटची ओळ म्हणतच नाहीत का?" म्हणत होते. शेवटची ओळ, किंवा तिचे शेवटचे दोन-तीन शब्द, ते गात नव्हते, बोलत होते. साध्या बोलण्याच्या आवाजात, जणू गाण्यातून उठून खोलीत परत आल्यासारखे. आयरिश गायकांत ही जुनी रीत आहे, आणि मला ती माहीत असायला हवी होती. मी अकराच्या अकरा गाण्यांचे शेवट कापून टाकले होते. मूळ सलग फाइल हातात होती म्हणून निभावलं.

तेव्हा कापताना शेवटच्या स्वरानंतर बोललेले शब्द, मग लोकांचा प्रतिसाद, आणि त्यानंतर खोली शांत होईपर्यंतचं सगळं ठेवा. गाताना मध्येच येणारी दादही आवाज म्हणून काढून टाकू नका. आयरिश बोलणाऱ्या घरात कोणीतरी हळूच "मो ह्योल हू" म्हणतं. शब्दशः "माझं संगीत तू", म्हणजे आपल्या "क्या बात है"च्या जागी येणारं. ती दाद कुठल्या ओळीला आली, ते गाण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सुरुवातीलाही हेच. गाण्याआधी गायक सांगतो की हे मी कोणाकडून ऐकलं. ते वाक्य कापलं तर गाण्याची वंशावळच गेली.

८. नोंद लिहा

प्रत्येक गाण्याला पुढची माहिती हवी: गायक, जागा, तारीख किंवा काळ, रेकॉर्ड करणारा, गाण्याची पहिली ओळ, घरात म्हटलं जाणारं नाव, कोणाकडून शिकलं, आणि सलग फाइलमधलं नेमकं मिनिट-सेकंद. माहीत नसेल तिथे रिकामं ठेवा. अंदाज असेल तर "अंदाज" असं लिहा आणि तो कशावरून बांधला तेही लिहा.

नावापेक्षा पहिली ओळ का महत्त्वाची? प्लँक्स्टी या गटाच्या १९७३ च्या एकाच तबकडीवर "अॅज आय रोव्ह्ड आउट" नावाची दोन गाणी आहेत, आणि ती दोन्ही पूर्णपणे वेगळी आहेत. "फिरायला निघालो होतो" अशा सुरुवातीची गाणी आयर्लंडमध्ये ढिगाने सापडतात. म्हणून पहिली ओळ लिहा आणि शक्य असेल तिथे राउड क्रमांक द्या. स्टीव्ह राउड यांनी इंग्रजी भाषेतल्या लोकगीतांची जी सूची केली, ती इंटरनेटवर मोफत शोधता येते. त्या क्रमांकाने एकाच गाण्याची वेगवेगळ्या गावांतली रूपं एकत्र सापडतात. आयरिश भाषेतल्या गाण्यांना मात्र तिचा उपयोग नाही. तिथे पहिली ओळ आणि गाव यांवरच भिस्त.

व्यक्तीच्या नावाची दोन्ही रूपं लिहा. कार्ना गावचे गायक जो हीनी आयरिशमध्ये शोसव ओ हेनी आहेत. एकच रूप लिहिलं तर दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला टेप सापडणार नाही. आयरिश अक्षरांवरच्या तिरप्या रेघा नोंदीत जशाच्या तशा ठेवा, पण फाइलच्या नावात नको, कम्प्युटर बदलला की त्या जागी चौकोन उमटतात.

"कोणाकडून शिकलं" हा रकाना लोक हमखास सोडतात, आणि मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती याच रकान्याची. रॉसकॉमनमधल्या बॉइल गावी जॉन रायली नावाचे भटक्या समाजातले गायक हलाखीत राहत. १९६० च्या दशकात लोकगीत-संग्राहक टॉम मनेली यांनी त्यांची गाणी टेपवर घेतली. त्यांत फ्रान्सिस चाइल्ड यांच्या बॅलड-संग्रहातलं २१ व्या क्रमांकाचं बॅलड (कथागीत) होतं, जे तोंडी परंपरेत जवळजवळ कुठेच उरलं नव्हतं. रायली १९६९ मध्ये वारले. त्यांची गाणी गायक क्रिस्टी मूर यांनी घेतली आणि मग ती सगळीकडे पोचली. टेपवर नाव-गाव नीट लिहिलेलं होतं म्हणून आज ते गाणं रायलींकडून आलं असं म्हणता येतं. तुमच्या खोक्यातल्या टेपवर "एक बाई, गॅलवे" एवढंच लिहून ठेवलं, तर त्या बाईला हे मिळणार नाही.

*तपासा:* नोंद घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवा, फाइल ऐकवत ऐकवत. आवाज ओळखणारी माणसं अजून आहेत, तोवरच हे होतं. त्यांचं बोलणंही रेकॉर्ड करा.

९. ऐकण्याची प्रत

खरखर कमी करायची तर इथे, आणि बेताने. सॉफ्टवेअरने खरखर पूर्ण काढली की त्याबरोबर श्वास जातात, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. घुमघुम काढायची असेल तर सहावा टप्पा संपल्यावरच, नाहीतर तुम्ही मोजपट्टीच पुसून टाकाल. घड्याळाची टिकटिक राहू द्या.

१०. प्रती, परवानगी, कायमची जागा

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून सॉफ्टवेअरने काढलेला ओळख-आकडा) काढून नोंदीत ठेवा, म्हणजे प्रत बिघडली तर कळेल.

इंटरनेटवर टाकायची घाई करू नका. गाणं पारंपरिक असलं तरी गाणाऱ्याचा आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो. एखाद्याने रचलेलं गाणं असेल, तर आयर्लंडमध्ये रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. गायकाच्या कुटुंबाची लेखी परवानगी घ्या, आणि गाण्यांच्या मधल्या गप्पांसाठी ती वेगळी विचारा. शेजाऱ्यांची भांडणं, कोणाचं लग्न मोडलं, असलं बरंच त्यात असतं, आणि ती माणसं त्याच गावात राहतात.

मूळ टेप घरीच राहणार असेल तर ती उभी, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. माळा आणि तळघर दोन्ही नको. घरच्यांची तयारी असेल तर १९८७ मध्ये स्थापन झालेल्या, डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधल्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक अर्काइव्हशी बोला, किंवा युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधल्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहाशी. पश्चिम क्लेअरची गाणी असतील तर क्लेअर परगण्याच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जिम कॅरल आणि पॅट मॅकेन्झी यांनी १९७३ पासून केलेला संग्रह ऐकता येतो. तुमच्या टेपवरचा गायक त्यात आहे का, ते आधी तिथे शोधा.

टेप संग्रहालयात देताना खोका, चिठ्ठ्या, जोडांची यादी, यंत्राचं मॉडेल आणि तुमची नोंद हे सगळं एकत्र द्या. आणि कुटुंबाला ऐकण्याची प्रत पेन ड्राइव्हवर देऊन येऊ नका. त्यांच्याकडच्या फोनवर किंवा गाडीत ती वाजते का, ते त्यांच्यासमोर लावून पाहा.